उबेचं ओझं

चिझुरुनं लोकरीचा रुंद पट्टा इवाओच्या पोटाभोवती गुंडाळला, पाठीमागे गाठ मारली आणि दोन बोटं आत सरकवून पाहिली. घट्ट नको होता, सैलही नको. पट्ट्याच्या आतल्या अंगाला तिनं घाईघाईनं कप्पे शिवले होते. प्रत्येक कप्प्यात कापसात बसवलेलं एकेक अंडं होतं. कोंबडीच्या अंड्याहून लहान, मातकट, त्यावर तपकिरी शिंतोडे.

"श्वास सोडा, काका. पोट आत ओढून धरू नका."

"मी कुठं ओढतोय? आहे तेच एवढं आहे," इवाओ म्हणाला.

खिंडीतल्या मुक्कामघराच्या ओट्यावर ओझेकरी चहा पीत बसले होते. असला तमाशा त्यांना पुन्हा कधी मिळणार होता? मोरिझोनं पेला खाली ठेवला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं,

"कितवा महिना, इवाओदादा?"

"तुला सुईण म्हणून बोलावणं धाडीन, तेव्हा कळेल."

"डोहाळे काय लागलेत ते तरी सांगा. खारातला आलुबुखार आणू का?"

सगळे हसले. दारात उभी असलेली फुमिए, इवाओची बायको, हसली नाही. तिच्या हातात दोघांच्या शिदोरीचं गाठोडं होतं. ते तिनं पायरीवर ठेवलं आणि भात लागत असेल असं काहीतरी पुटपुटत ती आत निघून गेली.

पेटीनं दगा दिला म्हणून हा सगळा खटाटोप. उत्तरेच्या डोंगरांवरच्या निरनिराळ्या घरट्यांतून एकेक करून उचललेली ही रायचो पक्ष्याची अंडी अभ्यासक चिझुरु काल बॅटरीवर चालणाऱ्या ऊबपेटीतून वर घेऊन आली होती. आज सकाळी निघायच्या बेतात असताना तिच्या डोळ्यांदेखत पेटीचा दिवा विझला. धुक्याची ओल आत शिरली होती. तिनं आधी स्वतःच्या पोटाला हात लावून पाहिला. ती अंगानं काटकुळी, जूनमध्येही हातमोजे घालणारी बाई. मग तिनं इवाओकडं पाहिलं. ओझेकरी त्याला भट्टी म्हणत. तो बर्फावर बसला तर उठेपर्यंत खाली खळगा पडतो, अशी त्याची ख्याती होती.

आयुष्यभर त्यानं या डोंगरावर ओझी वाहिली होती. तांदूळ, सिमेंट, गॅसच्या टाक्या, एकदा पाय मोडलेला माणूस, एकदा मेलेला. सगळं पाठीवर. पुढच्या अंगाला काही बांधून न्यायची ही पहिलीच खेप.

दोघं धारेवरच्या वाटेला लागली तेव्हा धुकं इतकं दाट होतं की पुढच्या माणसाची पाठसुद्धा मधूनमधून पुसली जाई. चिझुरु पुढं, इवाओ मागं. खाली दऱ्या होत्या, पण त्या नुसत्या ऐकू यायच्या. कुठंतरी वितळतं पाणी, कुठंतरी एखादा सुटलेला दगड. इवाओचे पाय ही वाट झोपेतही चालले असते. आज मात्र ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे पडत होते. पाठीवर शिदोरीच्या पिशवीखेरीज काही नव्हतं. पोटाशी जे होतं त्याला वजन म्हणावं असं नव्हतंच, आणि तरी साऱ्या अंगाचा तोल त्याच्याभोवतीच जमा झाला होता.

दोघं निघाली होती त्या दक्षिणेकडच्या शिखरावरचे रायचो इवाओच्या लहानपणीच संपले होते. मेघगर्जनेचा पक्षी म्हणत त्याला. आभाळ भरून आलं की तो बाहेर पडायचा; देवाचा म्हणून कुणी त्याच्यावर हात टाकत नसे. पण खालचा उष्मा वर चढत गेला, त्याच्यामागून कोल्हे आले, कावळे आले, आणि एका उन्हाळ्यात लोकांच्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत कुणाला पक्षी दिसलेला नाही. मग इतक्या वर्षांनी कुठूनशी एक मादी दऱ्या ओलांडून तिथं उडून आली. एकटीच. नर नाही, सोबत नाही. तरी दर जूनमध्ये ती बुटक्या पाइनच्या झुडपाखाली घरटं करी, अंडी घाली आणि बसे. अंडी अर्थातच रिकामी. दिवस भरून गेले तरी ती उठत नसे. चिझुरुनं हे दोन उन्हाळे लांबून पाहिलं होतं आणि तिसऱ्या उन्हाळ्यात नुसतं पाहत बसायचं नाही, तिच्याखाली जिवंत अंडी ठेवायची, असं ठरवलं होतं. मादीचं वय झालं होतं. पुढच्या वर्षी ती असेल, याची खात्री कुणी देत नव्हतं.

मोठ्या घळीत अजून बर्फ होतं. ती आडवी ओलांडताना इवाओचा पाय घसरला.

घसरलं की पुढं झुकायचं, पोटावर पडायचं आणि बोटं बर्फात रुतवायची, हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं, आणि अंगाला तेच ठाऊक होतं. पण आज अंगानं ऐकलं नाही. तो पाठीवर पडला, दोन्ही हात पोटाभोवती आवळून तसाच खाली गेला, आणि एका वर आलेल्या खडकाला कोपर आणि खांदा धडकला तेव्हा थांबला. वर पांढरं होतं, खाली पांढरं होतं. आपण थांबलो आहोत की अजून खाली जातो आहोत, हे त्याला क्षणभर उमगेना.

चिझुरु बसत, सरकत त्याच्यापाशी आली. तिनं हातमोजा दातांनी ओढून काढला आणि पट्ट्यात हात घालून एकेक कप्पा चाचपला. शेवटच्या कप्प्यातून हात बाहेर आल्यावर ती बर्फातच बसली.

"धड आहेत," ती म्हणाली. मग त्याच्याकडं पाहून, "कोपर रक्ताळलंय तुमचं."

"ते माझं आहे. फुटलं तरी चालतं."

पुढं वाट सोपी होती. धुकं आता उजळलं होतं, सूर्य त्यात विरघळल्यासारखा कुठूनही येत होता. चालता चालता इवाओला पोटाशी काहीतरी हललं असं वाटलं. बारीक, आतून कुणी बोट टेकवावं तसं. तो थबकला. पुन्हा झालं. त्यानं चिझुरुला हाक मारून सांगितलं तेव्हा ती मागं वळून हसली. म्हणाली, इतक्या लवकर काही हलत नाही, अजून बरेच दिवस आहेत.

"ती तुमचीच नाडी आहे, काका. ठोका अंड्यावर आपटून परत येतोय."

तो बरं म्हणाला आणि चालू लागला. पण हात त्यानं पट्ट्यावरून काढला नाही.

त्या वर्षीही असंच धुकं होतं. फुमिएला दिवस गेले होते, आणि तो मुक्कामघर उघडायला म्हणून वर आला होता. चार दिवसांत परत येतो म्हणून. मग उशिराचं बर्फ पडलं आणि वाट बंद झाली. तो गावात उतरला तेव्हा अंगण झाडलेलं होतं, वाळत घातलेली लहान लहान फडकी दोरीवरून गेली होती. सासूनं त्याला दारातच थांबवलं. मुलगी होती, राहिली नाही, म्हणाली. सगळं उरकलंय. फुमिएला आता काही विचारू नकोस.

त्यानं विचारलं नाही. आधी सासूनं सांगितलं होतं म्हणून. मग बरेच दिवस झाले म्हणून. मग वर्षं झाली म्हणून. पुढच्या उन्हाळ्यापासून फुमिए त्याच्याबरोबर वर येऊ लागली आणि दोघांनी मिळून मुक्कामघर चालवलं. तांदळाविषयी, गळक्या छपराविषयी, घोरणाऱ्या पाहुण्यांविषयी ती दोघं तासन् तास बोलत. मुलं पुढं झाली नाहीत, आणि त्याविषयीही कुणी काही बोललं नाही.

चिझुरुनं हात वर केला. इवाओ जागच्या जागी थांबला.

झुडपांची हिरवी गादी धुक्यातून वर आली होती. दोघं एका खडकाला टेकून खाली बसली आणि वाट पाहू लागली. मादी दिवसातून मोजक्याच वेळा पोटापाण्यासाठी उठते, आणि उठली की लगेच परतते. तेवढ्यात काम व्हायला हवं. चिझुरुचे ओठ निळे पडले होते, तरी ती दमच धरून होती. इवाओला डोळे मिटावेसे वाटत होते. पोटाशी ऊब होती, अंगावर धुकं होतं, आणि वेळ पुढं जातोय की नाही ते समजायला काही खूण नव्हती.

मग झुडूप हललं आणि ती बाहेर आली. दगडाच्याच रंगाची, गुबगुबीत, पायांवर पांढरी पिसं. तिनं अंग झाडलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि सरळ इवाओच्या दिशेनं चालत आली. त्याच्या बुटापाशी उगवलेली दोन कोवळी पानं खुडली. वर मान करून त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती, ओळखही नव्हती. धुक्यात आणखी एक दगड आहे, एवढंच तिनं जाणलं असावं. मग ती चरत उताराकडं निघून गेली.

चिझुरु पोटावर सरपटत झुडपात शिरली. इवाओनं एकेक अंडं कप्प्यातून काढून तिच्या हातात दिलं, आणि तिनं एकेक अंडं बाहेर त्याच्या हातात दिलं. दोन्ही सारखीच दिसत होती. दोन्ही सारखीच गरम होती. शेवटचं अंडं गेलं तेव्हा त्याच्या पोटाला एकदम थंड लागलं.

मादी परतली. घरट्याच्या तोंडाशी ती थांबली, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. चिझुरुनं मनगट दातांत धरलं होतं. मादीनं चोचीनं एक अंडं उलटलं. मग दुसरं. तिनं एक पाऊल मागं घेतलं. मग पोटाची पिसं फुलवली, अंग डावीउजवीकडं डुलवत सगळी अंडी खाली घेतली, आणि बसली. डोळे मिटले.

खडकाआड येऊन चिझुरुनं इवाओचा न दुखावलेला हात दोन्ही हातांत धरला आणि जोरात दाबला, एवढंच.

ती तिथंच तंबू टाकून राहणार होती. पिल्लं बाहेर पडेपर्यंत आणि त्यानंतरही पहारा हवाच होता. काढलेली रिकामी अंडी तपासणीसाठी खाली गावात पोचवायला हवी होती. चिझुरुनं ती डब्यात घालून इवाओच्या पिशवीत ठेवायला सांगितली. यांना काही जपायला नको काका, म्हणाली, फुटली नाहीत म्हणजे झालं.

इवाओ परत निघाला. पहिल्या वळणापर्यंत तो भराभर चालला. मग मागं कुणी दिसेनासं झालं तेव्हा पिशवी उतरवून खाली बसला. डब्याला हात लावला. मादीची ऊब अजून गेली नव्हती. गरम वस्तू अशी पिशवीत टाकून न्यायची, ते त्याच्या हातून होईना. त्यानं आजूबाजूला एकदा पाहून घेतलं, कोट उघडला, आणि एकेक अंडं पट्ट्याच्या कप्प्यात बसवलं. मोठी घळ त्यानं सकाळपेक्षाही सावकाश ओलांडली.

खिंडीत पोचला तेव्हा ओझेकरी खाली उतरून गेले होते. स्वयंपाकघरात फुमिए रानबांबूचे कोंब सोलत होती. त्याचं फुगलेलं पोट पाहून तिच्या हातातली सुरी थांबली.

"नाही घेतली का तिनं?"

"घेतली. बसली वर. ही तिची आहेत, रिकामी."

मग ती पोटावर कशाला, असं तिनं विचारलं नाही. कोपर पाहिलं, ते काय झालं तेही विचारलं नाही. त्याच्या मागं जाऊन तिनं गाठ सोडली, पट्टा दोन्ही हातांनी उतरवून ओट्यावर पसरला, आणि कप्प्यातून एक अंडं काढून तळहातावर घेतलं.

"ऊब आहे अजून," ती म्हणाली.

"हं."

शेगडीवरच्या भांड्यात पाणी उकळत होतं. फुमिए अंड्याकडं पाहत होती.

"तीही अशीच होती. आई घेऊन निघाली होती, मी मागून घेतली. चांगली गरम होती. मला वाटलं, निजलीय."

इवाओ भिंतीला धरून उभा राहिला.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाहीत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. भातात पाणी किती घालायचं, ते सांगावं तसं ती बोलली होती. बाहेर धुकं विरळ होत होतं आणि खिडकीच्या काचेवर संध्याकाळचं पिवळं ऊन येऊ लागलं होतं. इवाओ सावकाश पायरीवर बसला. बुटाची नाडी सोडायला वाकला, आणि न सोडताच पुन्हा ताठ झाला.

"कशी होती?" त्यानं विचारलं.

फुमिएनं एका हातात अंडं तसंच धरून दुसऱ्या हातानं शेगडी बारीक केली, आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

"केस खूप होते," ती म्हणाली. "आधी केसांचं सांगते."