माझ्या तोंडात नारळाचं पाणी

मी शालिग्रामरावांची विजेवर चालणारी गाडी. बोलतेय ती रागानं, आधीच सांगून ठेवते.

बुलढाण्यात तिसऱ्या मजल्यावर यांचं घर, खाली पार्किंगमध्ये साधा प्लग नाही. शोरूममध्ये बायको जयमाला एवढंच विचारत होती, की चार्जिंग करायचं कुठं? पण साहेबांनी मोठा पडदा पाहिला, रंग पाहिला अन् मला घेऊन मोकळे झाले. मग काय, बाल्कनीतून वायर खाली सोडली. ती रोज लावायची-काढायची कोणी? जयमालानं. हात कोरडे करून, लेकराला भरवावं तशी.

दसऱ्याला माझी पूजा झाली. हार घाला, कुंकू लावा, माझी ना नाही. पण शालिग्रामरावांनी चार्जिंगचं झाकण उघडून आत हळदकुंकू वाहिलं अन् वरून नारळाचं पाणी ओतलं. म्हणे, गाडीचं तोंड हेच. जयमाला नको नको म्हणत होती. सणासुदीला अपशकून करते म्हणून तिलाच गप्प बसवलं.

तेव्हापासून माझं चार्जिंग मध्येच तुटायला लागलं. दुरुस्तीला न्यायचं सोडून हा माणूस अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटला, की बायकोनं वायर ओढून ओढून गाडीचा सत्यानाश केला. शेजारणी हसायच्या. ती खाली मान घालून वायर लावायची. माझ्या अंगाची लाही व्हायची. म्हटलं, थांब बेट्या.

मग लेकीची, संजीवनीची सोयरीक आली. पाहुण्यांना मलकापूर स्टेशनवरून आणायला दोघं मला घेऊन गेले. परतताना मी पडद्यावर लाल अक्षरांत चार्जिंग संपत आल्याचा इशारा दिला, पण साहेब व्याह्यांना माझं कौतुक सांगण्यात गुंग. कशीबशी घरापर्यंत गेले असते मी. नाही गेले. राजूर घाटाच्या ऐन चढावर बसकण मारली.

शालिग्रामराव हसत म्हणाले, "आमच्या हिनंच बिघडवली."

जयमाला व्याहीणबाईंकडे वळली. "खोटं हाय. नारळाचं पानी यायनं ओतलं, अन् नाव माह्यं सांगून राह्यले."

व्याहीणबाईंनी जयमालाचा हात धरला अन् बाकी सगळे मागून आलेल्या एसटीनं वर गेले. साहेब मला ओढून न्यायला टोचन लावणाऱ्याची वाट पाहत उन्हात थांबले. मला लई बरं वाटलं.

सोयरीक जमली. मीही दुरुस्त झाले. जयमाला गाडी शिकली, किल्ली आता तिच्याकडे असते. परवा साहेब गोडीगुलाबीनं किल्ली मागायला आले.

"पहिले माफी मांगा," ती म्हणाली. "गाडीची नाही. माही."

साहेब अजून एसटीनंच फिरतात. तुम्ही म्हणाल, जाऊ दे ना बाई, झालं गेलं विसर. काऊन विसरू? तिची माफी मागेपर्यंत हा माणूस माझ्यात बसणार नाही. दार बंद आहे.