नेलिदाचे शनिवार

आमच्या सहकारी वसाहतीचा खजिनदार मी, पण पैशांपेक्षा तासच जास्त मोजतो. मोंतेविदेओच्या या टोकाला आम्ही सगळी कुटुंबं मिळून आपली घरं स्वतः बांधतोय. दर शनिवारी प्रत्येक घरानं बांधकामावर राबायचं. ज्यांचे तास जास्त, त्यांनी आपलं घर आधी निवडायचं. भांडणं नकोत म्हणून हा नियम केला, आणि आता सगळी भांडणं त्याच्यावरूनच होतात.

आधीचे खजिनदार वही वापरायचे. मी पडलो संगणकवाला. मी साध्या मजकुराची एक फाईल सुरू केली. तारीख, नाव आणि खाली दोन ओळी: तास कुठून आले, कुठे गेले. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर प्रोग्राम लगेच बोंब मारतो. नोंद करायच्या तऱ्हा बऱ्याच आहेत. सगळं हातानं टाइप करा, जुनी नोंद उचलून खाली चिकटवा, नाहीतर प्रोग्रामला एकेक प्रश्न विचारू द्या. यात एक सोय असते. नाव टाकलं की त्या माणसाची मागची नोंद तो स्वतःच पुढे करतो. तीच हवी असेल तर नुसतं एंटर दाबायचं. ही तऱ्हा मला फार आवडायची. मुकादमाच्या हजेरीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा एका हाताला, येर्बाच्या कडू चहाचा पेला दुसऱ्या हाताला, आणि एंटर, एंटर, एंटर.

घरं निवडायच्या सभेआधी नेलिदा तेचेरा माझ्याकडे आली. साठीची शिंपीण, सगळे तिला मानानं 'दोन्या' म्हणतात, पण वाळू चाळायला लागली की भल्याभल्यांना दम लागायचा. तिचे तास कमी भरले होते.

"मिल्तन, अरे, मी तर दर शनिवारी येत होते. तेवढा एक तापाचा सोडला तर."

"दोन्या नेलिदा, इथे बघा ना. गैरहजर, गैरहजर, गैरहजर. फाईल खोटं बोलत नाही हो."

तिनं चष्मा लावला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "असेल बाबा. वय झालं माझं."

सभेत तिला तिसरा मजला आला. तिच्या नवऱ्याचा, अपारिसियोचा, एक पाय कामातून गेलाय. त्याला जिना चढवत नाही. तळमजल्यावरचं उरलेलं शेवटचं घर, तिच्यापेक्षा माझे तास जास्त म्हणून, माझ्या वाट्याला आलं. शिवाय बुडालेले तास रविवारी भरून द्यायचे, असं तिला बजावण्यात आलं. बजावणारा मीच.

आज सकाळी मी एक नवी तऱ्हा करून बघत होतो. चिठ्ठ्या तक्त्यात भरायच्या आणि सगळा तक्ता एका दमात फाईलमध्ये ओतायचा. बरोबर चालतंय का ते बघायला हिवाळ्यातल्या जुन्या चिठ्ठ्या घेतल्या आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्या. सगळ्यांचं जुळलं. नेलिदाचं जुळेना.

तापाचा एक शनिवार सोडला तर चिठ्ठ्यांवर तिचं नाव दर शनिवारी होतं. ती तापानं पडली तेव्हा मी तिला गैरहजर लावलं होतं. पुढच्या शनिवारी प्रोग्रामनं तीच नोंद पुढे केली आणि मी चिठ्ठी न वाचता एंटर दाबलं. मग त्याच्या पुढच्याही. दोन्ही बाजू जुळत होत्या, म्हणून प्रोग्राम गप्प बसला. ती समोर उभी होती तेव्हा चिठ्ठ्यांचा डबा माझ्या पायाशी पडलेला होता, आणि मला वाकायचा कंटाळा आला होता.

मी बायकोला सांगितलं. माबेल भांडी घासत होती.

"आपल्या पोरींनी तिथल्या खोल्या वाटून घेतल्यात," ती म्हणाली. "गुपचूप तिच्या ओळी दुरुस्त कर. रविवारचं काम तरी सुटेल तिचं."

"आणि घर?"

"कोण विचारायला येणार आहे तुला?"

कुणीच नाही, हे मला पक्कं माहीत होतं. लाज वाटते सांगायला, पण मी परत संगणकापुढे जाऊन बसलो, तिच्या ओळी खरंच दुरुस्त केल्या आणि विचार करत राहिलो. शेवटी माबेलनंच नळ बंद केला. "असा तोंड पाडून बसणार असशील तर मला नको ते घर. ऊठ, जा."

नेलिदा बांधकामावरच होती. रविवारचे तास भरत होती, आमच्या वाट्याला आलेल्या घराच्याच स्वयंपाकघरात. गुडघ्यांवर बसून फरशीच्या फटी भरत होती.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "बायकोला विचार, फटी पांढऱ्या हव्यात की करड्या?"

"दोन्या नेलिदा, उठा. तापाचा तो सोडून तुम्ही सगळ्या शनिवारी आला होतात. चूक माझी आहे. हे घर तुमचं आहे."

आता शिव्या मिळणार म्हणून मी खाली मान घातली. शिव्या देण्यात ती कुणाला हार जात नाही. मला त्या हव्याच होत्या.

"थांब," ती म्हणाली. "म्हणजे मी आले होते?"

"हो."

"नक्की? चिठ्ठीवर आहे?"

"मुकादमाच्या अक्षरात."

ती पालथ्या बादलीवर बसली. "माझी आई अशीच गेली, मिल्तन. आधी दिवस विसरायला लागली, मग आम्हाला. तू ते दाखवलंस ना, तेव्हापासून मी रोज उठल्या उठल्या अपारिसियोचं नाव मोठ्यानं घेते. येतंय का बघायला. त्याला वाटतं, म्हातारीला प्रेमाचं भरतं आलंय."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

"त्याला सांगून येते," म्हणत ती उठली आणि सिमेंटनं माखलेल्या हातांनी तशीच पळत सुटली.

"अहो, घराचं..." मी मागून ओरडलो. तिला ते ऐकूच गेलं नाही.

तिची थापी फरशीवर पडली होती. मी तिच्या जागी गुडघे टेकले आणि उरलेल्या फटी भरायला लागलो. कोणता रंग, हे विचारायचं राहूनच गेलं, आणि मला रडू आवरत नव्हतं.