पंपघरावरची खोली

"हात काढ, भाजेल!" बाबा ओरडले. पंपावर बसवलेल्या लाकडी पेटीचं झाकण मी उचललं होतं आणि आतून भट्टीसारखी धग येत होती. आवाज कोंडायला बाबांनी खपून ती पेटी केली होती, आतून घोंगडी चिकटवून. मोटर जळायच्या बेतात आणि वर खोलीत आवाज जसाच्या तसा. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

इमारतीचा पंप बाबांच्या ताब्यात आणि त्याच्या डोक्यावरची खोली आम्हाला राहायला. आमच्या घरात साधं बोलणंही भांडल्यासारखं चाले. पण आई इस्पितळातून घरी आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "औषधाइतकीच झोप महत्त्वाची." आणि जरा डोळा लागला की खाली पंप सुरू.

"कानात कापूस घाल," बाबा वर येऊन आईला म्हणाले.

"घातलाय की! अहो, मला कानात नाही, पाठीत ऐकू येतंय. पलंग भिंतीला टेकलाय ना, तिथून."

बाबांनी भिंतीवर तळहात ठेवला. मग कपाळ टेकवलं आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं, रडतायत की काय.

"हवेतून नाही गं, पाइपातून चढतोय," ते मला म्हणाले. "आणि वाट मीच करून दिलीय."

लोक त्यांना 'पक्के मिस्त्री' म्हणत. त्यांनी आवळलेला नट कुणाच्या बापाला सुटत नसे, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! पंपाखाली रबर होतं, पण बोल्ट असे आवळलेले की ते पार चपटून दगड झालेलं. पाइप लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडलेला. पंप थरथरला की भिंत थरथरायची, आणि भिंतीबरोबर आई.

सकाळी पंप बंद ठेवून त्यांनी खाली नवं जाड रबर घातलं. बोल्ट बेताचेच आवळले. हात मात्र सारखा पान्याकडे वळत होता.

"जीव धजत नाही गं, असं ढिलं सोडायला," ते म्हणाले.

पंप आणि पाइप यांच्यामध्ये रबरी नळीचा तुकडा जोडला, पट्ट्यांखाली जुन्या टायरचे तुकडे सारले. पेटीला हवेसाठी नागमोडी वाट ठेवली. हवा निसटेल, आवाज आतच ठेचकाळेल.

बटण दाबलं आणि मी वर धावले. काहीच नाही! बंद पडला म्हणून परत खाली आले, तर मोटर मजेत फिरत होती. एवढं धूड चालू आणि वरच्या भिंतीला पत्ता नाही! शेजारणीच्या बांगड्या वाजतात हे मला त्या दिवशी कळलं. स्वतःच्याच घरात मी चोरपावलांनी शिरले.

आई गाढ झोपली होती. मागून आलेले बाबा दारातच थबकले. त्या शांततेत तिचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता. आत जाताना बारीक शीळ, बाहेर येताना खरखर, आणि मग नुसतंच थांबणं.

"कधीपासून आहे हे असं?" बाबांनी विचारलं. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मला ठाऊक नव्हतं. आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

ते पलंगाशी जमिनीवर बसले. तिचा श्वास थांबला की त्यांचाही थांबे. तिचा पुढचा आला, की मग ते आपला सोडत.