देवळातली टिकटिक

बायांची ओळ पार पिंपळापर्यंत गेली होती. एकेकीने यायचं, माझ्या छातीला कान लावायचा आणि आतली टिकटिक ऐकून डोळे पुसायचे. शेजारी शिवहार महाराज माइकवर सांगायचे, "देवी काळजात टाळी वाजवून राहिली. बोला नवस."

देवी म्हणजे मी, मंजुषा. काळजात होती ती धातूची झडप. माझी खराब झाली म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन करून बसवलेली. उघडझाप होताना ती वाजते, हे सांगून मी थकले. दवाखान्यात न्या म्हटलं, की महाराज म्हणायचे, "देवी परीक्षा घेऊन राहिली." रडले तर देवी पावली, चिडले तर कोपली. माणूस म्हणून तोंड उघडायची सोयच उरली नव्हती.

त्यात महाराजांनी माझी रक्त पातळ ठेवायची गोळी बंद केली. ती चुकली तर झडपेवर गुठळी धरते, जीव जातो. मी सासूबाईंच्या, नर्मदाबाईंच्या पाया पडले, तर त्यांनीच माझे पाय धरले. "आई, आमचं काही चुकलं का?" फोनही महाराजांच्या झोळीत गेला. मला फार भीती वाटत होती.

मग टिकटिक मंदावली, दम लागू लागला. महाराज म्हणाले, "देवीनं मौन धरलं. मोठी पूजा लागते."

ऑपरेशन झालेल्यांनी दर आठवड्याला फोन छातीला धरून आवाज पाठवला, तर बिघाड लवकर कळतो का, असा अभ्यास माझं ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात चालू होता. मीही त्यात होते. माझा आवाज येईना म्हणून राधिका सिस्टर जीप करून निघाल्या. वाटेत देवीची कीर्ती कानावर आली, तेव्हा सेनगावहून त्यांनी मसाजींना सोबत घेतलं. मसाजी मेंढ्या राखतात आणि त्याच अभ्यासात आहेत.

जीप देवळापाशी थांबली, तसे महाराज आडवे आले. "देवीला हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत," म्हणत सिस्टरांनी माइक उचलला आणि मसाजींच्या छातीला लावला. भोंग्यातून गावभर टिकटिक ऐकू गेली.

"यांच्यातबी देव असंल," महाराज पुटपुटले.

"माझी मेंढरं रोज ऐकतेत," मसाजी म्हणाले. "अजून एकानंबी नवस बोलला न्हाई."

लोक हसले. सिस्टरांनी माइक माझ्या छातीला लावला. भोंगा गप्पच राहिला.

"हिची झडप अडकून राहिली. आत्ताच निघायचं. गोळी काहून बंद केली?"

सासूबाईंनी महाराजांकडे पाहिलं. ते चपला शोधत होते. सासूबाईंनी झोळीतून माझा फोन काढला आणि माझा हात धरून जीपमध्ये बसल्या.

औषधाने गुठळी विरघळली, मी वाचले. पण एवढं सांगते, चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी तो ज्याच्या अंगावर घडतोय त्याला विचारा. अख्ख्या गावाने माझ्या छातीला कान लावला, माझं म्हणणं कुणी ऐकलं नाही.

सासूबाई अजूनही रोज कान लावतात. आई म्हणत नाहीत आता. "मंजुषा," विचारतात, "गोळी घेतलीस का?"