हसण्याच्या फाइलीचं नाव

नांदुऱ्यात स्टेशन रोडला माझी मोबाइलची शॉपी आहे. कार्डात गाणी भरणं, एका फोनमधलं दुसऱ्यात टाकणं, ही कामं भराभर व्हावीत म्हणून मी स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता. महेजबीनच्या प्रोग्राममध्ये चूक निघत नाही, असं मीच गावभर सांगत फिरायची.

ती घमेंड नागसेननं उतरवली. त्या वर्षी बीटी कपाशीच्या बोंडाबोंडात गुलाबी अळी निघाली होती आणि कितीतरी जणांनी उभ्या पऱ्हाटीत नांगर घातला होता. नागसेन सुरतेला कारखान्यात कामाला निघाला होता. त्याला सोडायला बायको धम्मशीला आली होती आणि तिच्या कडेवर आठ महिन्यांची लेक. चांगला फोन घरी राहणार होता. त्यात रेकॉर्ड केलेलं लेकीचं हसणं त्याला आपल्या जुन्या फोनमध्ये न्यायचं होतं. गाडीला थोडाच वेळ होता.

मी बटण दाबलं. पडद्यावर आलं, ‘सगळं झालं’. नागसेननं फोन उघडून पाहिला. गाणी होती, फोटो होते, हसणं नव्हतं.

“ताई, तेच तं पाह्यजे होतं मले,” तो म्हणाला. “बाकी काई नसतं तरी चाललं असतं.”

मी चांगल्या फोनच्या कार्डात डोकावले. फाइल होती, पण तिच्या लांबलचक नावाच्या शेवटी नुसता चौकोन. “एवढं मोठं नाव काऊन देलं?” मी विचारलं.

तो लाजला. धम्मशीला हसत म्हणाली, “पोरीचं नामकरण राह्यलं ना ताई. कापूस इकला का करू म्हणता म्हणता आठ महिने झाले. घरात जो तो आपल्या मनानं हाका मारते. यायनं ते सगळे नावं फाइलीले देऊन टाकले.”

चिमणी, ठमी, बाहुली, मैना, असं ते चाललंच होतं. कॉम्प्युटर मराठी अक्षर तुकड्यातुकड्यांनी साठवतो. फोनला एवढं नाव पेललं नाही, तेव्हा त्यानं ते कापलं, तेही एका अक्षराच्या मधोमध. उरलेला तुकडा कुठलंच अक्षर नव्हता. माझ्या शहाण्या प्रोग्रामला नाव वाचता येईना, तर त्यानं फाइल गुपचूप सोडली आणि वर सगळं झालं म्हणून मोकळा झाला. मला माझाच असा राग आला! नाव कळलं नाही म्हणून पाहुण्याला कोणी दारातून हाकलतं का?

तिथंच बसून मी प्रोग्राम बदलला. नाव वाचता आलं नाही तर त्याच्या वाटेला जायचं नाही, आतलं आहे तसं उचलायचं आणि नवं नाव विचारायचं.

या वेळी हसणं आलं. दुकानभर खिदळणं पसरलं. चार्जर घ्यायला आलेले किसनराव हसू लागले, आणि आपलंच हसणं ऐकून पोरगीही सुटली. मला तर इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

पडद्यावर प्रश्न तसाच होता. “नवं नाव काय टाकू?” मी म्हणाले. “एकच सांगा.”

स्टेशनावर गाडी पुकारली.

“तुमीच सांगा,” धम्मशीला नागसेनला म्हणाली. “पोरीचं नाव ठेवल्याबिगर जाऊ नका.”

नागसेननं लेकीला घेतलं, आधी तिच्या कानात सांगितलं, मग मला. “मुदिता. दुसऱ्याच्या खुशीत खुश होते ते.”

मी टाइप केलं. फाइल गेली. लेकीला धम्मशीलाकडे देऊन, फोन खिशात घालून तो पळत सुटला आणि समोरच्या स्टेशनच्या दारातून वळून त्यानं हाक मारली, “मुदिता”. पोरगी त्या आवाजाकडे वळली आणि दोन्ही हात पुढं करून हसली.