दादा तोंडं बघतो

"चल, तुला महाड दाखवतो," असं दादा म्हणाला तेव्हा हसावं की चिडावं ते मला कळेना. अकरावी-बारावी मी महाडला केली. रोज सकाळची एसटी, तोच स्टँड, तोच बाजार. आणि हा मला महाड दाखवणार!

"बघितलंस गो, पण खाल्लंस कुठं?" दादा म्हणाला. "सोमवारी तू पनवेलला चाललीस. मेसचं खाऊन जीभ मरेल तुझी. त्याआधी एक दिवस भावाबरोबर फिर की."

सोमवारचं नाव काढलं की मी विषय बदलायचे. आमची टपरी हिरकणीवाडीत, रोपवेच्या रस्त्याला. मूळची आईची. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, ठेचा, बस्स. गड उतरून आलेली माणसं आईच्या पिठीसाठी थांबायची. आई गेली त्याला दीड वर्ष झालं. मी तेव्हा नर्सिंग संपवून घरी आले ती राहिलेच. चुलीपुढे दादा, बाहेर मी. आता मला पनवेलच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती, आणि टपरी एकट्या दादावर पडणार होती. चालवेल का तो? आईची चव टिकेल का? हे मी त्याला विचारत नव्हते. तो "नाय" म्हणाला असता, तर मी भरलेली बॅग तिथल्या तिथे उपडी केली असती.

दादाचं एक होतं. गेल्या गणपतीपासून पहिला घास मला दिल्याशिवाय तो टपरी उघडायचा नाही. "खा आधी," म्हणायचा, आणि समोर उभा राहून बघत राहायचा. आईच्या मागे घरातली बाई म्हणून मला मान देतो, असं मी समजत होते. शहाणी मी!

शुक्रवारी टपरीला कुलूप घातलं आणि आम्ही पहिल्या एसटीने निघालो. दादाच्या खांद्याला पिशवी होती, आणि ती तो मला हात लावू देत नव्हता. पौष महिना. महाडला उतरलो तर सगळं गाव धुक्यात. सावित्री नदीवरनं धुकं उठून गल्ल्यांत शिरलं होतं. दुकानांच्या पाट्या अर्ध्या दिसत होत्या, सायकलींच्या घंटा आधी ऐकू यायच्या आणि सायकली मागून. दोन वर्षं ज्या रस्त्याने मी घाईघाईत गेले, तो हाच का, असं मला वाटायला लागलं. मी दादाचा शर्ट धरून चालत होते, लहानपणी जत्रेत धरायचे तसा.

पहिल्यांदा मिसळ. मी खाली मान घालून खात होते. वर बघते तर दादाचा चमचा रश्शात तसाच, आणि हा समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याकडे टक लावून बघतोय.

"दादा, लोकांच्या तोंडाकडे काय बघतोस? मार खाशील."

"त्याला मीठ कमी लागलंय," दादा हळूच म्हणाला.

म्हाताऱ्याने हात लांब करून मिठाची वाटी ओढली. दादाला इतका आनंद झाला की जणू लॉटरी लागली.

"तुझी कशी हाय?" त्याने मला विचारलं.

"मस्त आहे. लवंग जरा जास्त."

"हां," तो म्हणाला, "जास्तच हाय." पण अर्धा क्षण उशिरा म्हणाला.

धुकं विरायला लागलं तशी जुनी घरं बाहेर आली. लाकडी सज्जे, नक्षीचे खांब, कौलांवर शेवाळ. वरच्या मजल्यावरनं कुणी बाई ओली साडी खाली सोडत होती आणि ती साडी संपतच नव्हती. एका भांड्यांच्या दुकानाच्या चौकटीवर रेघा होत्या, एकावर एक, प्रत्येकीपुढे साल लिहिलेलं. घरात पोरांची उंची मोजून ठेवतात ना, तशी या लोकांनी पुराची उंची मोजून ठेवली होती. एकवीस सालची रेघ माझ्या डोक्याच्याही वर. मी तिच्याखाली उभी राहिले आणि उगाचच श्वास रोखून धरला.

दुकानाचे मालक मुरारीकाका आत तांब्याचे हंडे पुसत होते. "भिऊ नकोस पोरी, आज नाही येत," ते म्हणाले. "यायचं असलं की आधी वास येतो. चिखलाचा. मग आम्ही भांडी वर चढवायला घेतो."

"आणि वास नाय आला तर?" दादाने विचारलं.

"तर शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं!" काका हसले. "त्याला आलेला असतो."

मीही हसले. दादा हसला नाही. त्याने मान डोलावली, कुणी मोठं गुपित सांगितल्यासारखी.

मग बेकरी. लाकडाच्या भट्टीतनं नानकटाई निघत होती आणि वेलचीचा असा वास सुटला होता की रस्त्यावरची माणसं चालता चालता हळू होत होती. दादा दारात डोळे मिटून उभा राहिला. नाकपुड्या फुगवून खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मी म्हटलं, काय सुख लागलंय याला! आत जाऊन नानकटाई बांधून घेतली, तरी हा तसाच उभा. डोळे उघडले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"काय रे?"

"काय नाय. चल."

दुपारी बाजार पेंगायला लागला. चवदार तळ्याच्या पाण्यावर ऊन निवांत पडलं होतं. बांगड्यांच्या दुकानात मी थांबले, हिरव्या की निळ्या करत. दादा पुढे सुक्या मासळीच्या ओळीकडे गेला. तिथे कमळाबाई बसते. आई असल्यापासून आम्ही तिच्याकडनंच सुकट घेतो. मूठभर उचलायची, नाकाशी न्यायची, मग हो म्हणायचं. दादाला हे आईने पाचव्या वर्षी शिकवलं होतं. सुकट निवडावी तर किशोरने, असं अख्खी वाडी म्हणते.

मी पोचले तेव्हा कमळाबाई पिशवी भरत होती आणि विचारत होती, "कोंबड्या किती पाळल्यास रे, किशोर?"

"कोंबड्या? नाय गो मावशे. जेवणाला."

कमळाबाईचा हात हवेतच थांबला. मी पिशवीत डोकावले आणि पदराने, म्हणजे ओढणीने, नाक दाबलं. ओल लागून कुजलेली सुकट! तो ढीग ती कोंबड्यांच्या खाद्याला म्हणून बाजूला काढून ठेवते. दहा पावलांवरनं आंधळ्यालाही कळेल. आणि दादाने तो समोर उभं राहून, हाताने दाखवून मागितला होता.

मला सगळं एकदम कळलं. लवंग, वेलची, पहिला घास. गणपतीत याला ताप आला होता, आठ दिवस अंथरुणात होता. मी त्याचा ताप मोजला, गोळ्या दिल्या. "वास येतो का रे?" एवढं मात्र विचारलं नाही. नर्स म्हणे! काय जाळायचाय तो डिप्लोमा!

मी त्याचा हात धरून त्याला ओढत नदीवर नेलं. घाटाच्या पायरीवर बसवलं.

"कधीपासून?"

"वास तापात गेला तो आलाच नाय." तो पाण्याकडे बघत होता. "खारट कळतं, आंबट कळतं, तिखट झोंबतं. बाकी सगळं कापूस."

"आणि पिठी? पाच महिने टपरीवर पिठी कशी केलीस तू?"

"तुझ्या तोंडावर बघून." त्याने अगदी साधं सांगितलं. "लसूण कच्चा राहिला की तुझी डावी भुवई वर जाते. कोकम जास्त झालं की तू ओठ आत घेतेस. आणि आईसारखी झाली की तू काय बोलत नायस, खाली बघतेस. मग मी टपरी उघडतो."

मला रडूच फुटलं. राग आला त्याचा, माझा, त्या तापाचा. पलीकडच्या काठावर एक मगर ऊन खात पडली होती, तिचाही आला.

"मी जात नाही सोमवारी," मी म्हटलं. "गेली ती नोकरी खड्ड्यात. तुला माझं तोंड लागतं ना? हे घे तोंड."

"गप बस!" दादा माझ्यावर कधी ओरडत नाही, तो ओरडला. "म्हणून सांगत नव्हतो. आईने टपरीत धूर खाऊन शिकवलं तुला, ते काय माझ्यापुढं भुवया उडवायला? दिवसभर कशाला फिरतोय मी? लोकांची तोंडं बघतोय. बिनओळखीच्या माणसाचं कळलं तर गिऱ्हाइकाचंही कळेल, म्हणून बघतोय. मिसळीचं तुला विचारलं ते जुळतंय का बघायला."

आणि त्याने पिशवीतनं डबा काढला. सकाळी मला न उठवता केलेली पिठी, तीन भाकऱ्या. पाच महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या तोंडाशिवाय.

"खा," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी ठरवलं, चेहरा दगडासारखा ठेवायचा. घास तोंडात घातला. मीठ बरोबर. कोकम बरोबर. आणि मागनं बुडाला लागलेल्याचा कडवट वास आला. मी पापणीसुद्धा हलवली नाही, देवाशप्पथ.

"करपली," दादा म्हणाला.

"नाही रे, छान..."

"करपली गो. धूर मला कळत नाय, तिथं फसतो मी." त्याने डबा उचलला. "थांब. तुझं तोंड पाठ हाय मला, ते धरायचं नाय."

तो डबा घेऊन परत बाजारात गेला, मी मागोमाग डोळे पुसत. कमळाबाईपुढे उकिडवा बसला. "मावशे, जेवलीस? चाखून बघ."

कमळाबाईने भाकरीचा तुकडा मोडून पिठीला लावला. चघळला. दादा तिच्याकडे बघत होता. बाजारातला आवाज कुठेतरी लांब गेला. याला कळलं नाही तर सोमवारची बॅग मी आता, इथेच, मनातल्या मनात उपडी करणार होते.

"बरी झालीय की," कमळाबाई गोड बोलली. "आईचा, चंद्राबाईचा हात हाय तुझा."

"बुडाला लागलीय," दादा म्हणाला.

"नाय रे बाबा."

"मावशे, तू गिळायच्या आधी थांबलीस. माझ्यासाठी खोटं नको बोलू."

कमळाबाईने त्याच्याकडे नीट बघितलं. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "लागलीय जराशी. विस्तव मोठा ठेवलास मेल्या."

दादाने मागे वळून माझ्याकडे बघितलं. जिंकल्यासारखा, तोंडभर हसला. मीही हसले. आनंद झाला मला, खरंच झाला. पण हसता हसता मी तोंड फिरवलं, त्याने वाचू नये म्हणून. त्याला आता माझी गरज नव्हती, आणि तेच तर मला हवं होतं.

कमळाबाईने चांगल्या ढिगातली सुकट बांधून दिली. बाजाराला आला की दरवेळी डबा तिच्यापुढे आणून चाखवायचा, असं तिने दादाकडनं कबूल करून घेतलं, आणि विस्तव कमी ठेवायचं हेही. परतीची एसटी सुटायला वेळ होता. आम्ही स्टँडच्या बाकावर नानकटाई खात बसलो. ऊन तिरपं झालं होतं, नदीकडनं पुन्हा गारवा येत होता. दादाने अर्धी नानकटाई हातातच धरली होती आणि माझ्याकडे बघत होता.

"आता काय बघतोस? वेलची आहे, साखर बरोबर आहे, भाजलीय छान. झालं?"

"ते नाय बघत," दादा म्हणाला. "नुसतीच बघतोय तुला. सोमवारी जाशील ना."

मी त्याला जीभ काढून दाखवली, आणि एसटी आली.