छप्पर शाबूत, गादी ओली

मित्रांनो, मी एका जुन्या आरव्हीचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं, रबरी छप्पर आहे. उद्या मला उतरवणार आहेत. माझ्या रबराला एक भोकही नाही, तरीही!

कारखान्यात मला प्लायवूडवर चिकटवलं आणि छतातल्या झरोक्याभोवतीचा सांधा सीलंटने, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाने, बुजवला. "बारा वर्षांची वॉरंटी आहे, चिंता नको," असं ऐकून पहिल्या मालकाने वर कधी पाहिलंच नाही. ऊन खाऊन सीलंट तडकलं.

पुढे अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्न गावच्या देवानंद आणि प्रणिताने ही गाडी घेतली. लेक उपासना अ‍ॅरिझोनात शिकत होती. तिच्या पदवीदानाला वाटेत मुक्काम करत जायचं ठरलं. प्रणिताने खिडक्यांचे पडदे स्वतः शिवले.

निघायच्या आठवड्यात पाऊस कोसळला. प्रणिता आत गेली, तर गादी चिंब. वरचं लाकूड बोटाने दाबताच भिजल्या बिस्किटासारखं खचलं.

देवानंदने अंगणातूनच छपराच्या कंपनीला फोन लावला.

"छपराची रबरी शीट फाटली आहे का, सर?"

"नाही. सांध्यातून पाणी आलंय."

"वॉरंटी फक्त शीटची. सीलंट मालकाने तपासायचं असतं. शिवाय ती पहिल्या मालकापुरतीच होती."

"अरे यार, मग उपयोग काय तिचा?" देवानंद ओरडला. मलाही ओरडावंसं वाटत होतं. मी शाबूत राहिलो, आणि त्याचीच शिक्षा या दोघांना!

शेजारचे गिरीशकाका म्हणाले, "आता फायबरग्लास टाका. टणक असतं, लवकर फाटत नाही."

"पण काका, त्याच्या सांध्यांना काय लावतात?" प्रणिताने विचारलं.

"सीलंटच," काका म्हणाले.

ती दोघं विमानाने गेली. जाण्याआधी प्रणिता पडदे उतरवत होती, तेव्हा फोनवर उपासना म्हणाली, "इट्स ओके, आई."

"ओके नाहीये गं," प्रणिता म्हणाली आणि पडदे तसेच छातीशी धरून बसली.

कुजलेलं लाकूड बदलायचं तर मलाही उतरवणं आलं, म्हणून आज सकाळी एक विक्रेता नवी शीट दाखवायला आला. "वीस वर्षांची वॉरंटी, मॅडम!"

"तिच्यात काय येत नाही, ते आधी सांगा," प्रणिता म्हणाली. तो चाचरू लागला. तोवर तिने शिडी लावली आणि माझ्या सांध्यांवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी वर आलं होतं.

मित्रांनो, छप्पर रबराचं घ्या, फायबरग्लासचं घ्या, नाहीतर पत्र्याचं. पण अधूनमधून वर चढून बघा. आम्हाला हाक मारता येत नाही हो. आमचं दुखणं खाली कळतं, तेव्हा पाणी आत आलेलं असतं.